पिकअपसाठी घरगुती थंड हवेचा इनटेक करावा की करू नये?

चेंबूरचा वाहतूकदार

माझ्याकडे बीएस-४ (प्रदूषणाचे जुने मानक) काळातील, अडीच लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनाची पिकअप आहे आणि ती वाशीच्या घाऊक बाजारातून दादरला भाजीपाला वाहते. दुपारच्या फेरीत शीव-पनवेल मार्गावर गाडी रांगेत अडकली की बोनेटखालची हवा भयंकर तापते आणि त्यानंतर भरल्या गाडीने उड्डाणपूल चढताना इंजिन दमल्यासारखे वाटते. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे, ६० अंशांच्या हवेऐवजी बाहेरची ३५ अंशांची हवा घेतली तर तेवढ्याच आकारमानात सुमारे आठ टक्के जास्त हवा इंजिनाला मिळते.

थंड हवेच्या इनटेकच्या, म्हणजे बाहेरची हवा थेट इंजिनापर्यंत आणणाऱ्या मार्गाच्या, तयार किटची किंमत माझ्यासारख्याला परवडणारी नाही. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची बंद पेटी, बोनेटला टेकणाऱ्या कडेवर रबरी बीडिंग, ग्रिलच्या मागून पेटीपर्यंत नळी, सिलिकॉनचे कोपर आणि स्टीलच्या होज क्लिपा एवढ्या साहित्यात हे काम घरीच करावे, असे माझे ठाम मत आहे. नागदेवी स्ट्रीट आणि कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार पालथा घातला तर खर्च तीन हजारांच्या आत बसावा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणांसह लिहावे.

माटुंग्याचा यंत्र अभियंता

आपला घनतेचा हिशेब बरोबर आहे, पण तो टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला लागू पडतो. आपल्या इंजिनात मात्र हवा आधी ती दाबणाऱ्या टर्बोतून आणि मग ती थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून जाते. टर्बोने दाब दुप्पट केला आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ३५ अंशांची हवा सुमारे १३० अंशांवर जाते आणि ६० अंशांची हवा १६० च्या थोडी पुढे. इंटरकूलरने त्यातली ७० टक्के उष्णता काढून टाकली, की सिलिंडरच्या दाराशी पोचेपर्यंत २५ अंशांचा फरक १० अंशांच्या आसपास उरतो. आठ टक्क्यांचा लाभ तीन टक्क्यांवर आला, आणि तोही तत्त्वतः.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. डिझेल इंजिनाची ताकद आत किती हवा आली यावर नव्हे, तर किती इंधन सोडले यावर ठरते आणि इंधनाची मर्यादा ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) आखलेली असते. हवा वाढली तर धूर थोडा कमी होईल. ओढ वाढेलच असे नाही. उड्डाणपुलावर गाडी दमत असेल तर इंटरकूलरच्या होजमधून हवा निसटते का, इंजेक्टर ठीक आहेत का आणि फिल्टर तुंबला आहे का, हे आधी पाहावे. पत्रा कापण्याची घाई करू नये.

कुर्ल्याचा फिटर

अभियंता साहेबांचे गणित मला मान्य आहे, पण त्यांनी गृहीत धरले आहे की गाडीचा कंपनीने दिलेला हवेचा मार्ग शाबूत आहे. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या पिकअपपैकी कितीतरी गाड्यांत तो शाबूत नसतो. पुढून बाहेरची हवा आणणारी प्लास्टिकची नळी कधीतरी अपघातात किंवा रेडिएटरच्या कामात निघालेली असते आणि ती परत कोणी बसवलेली नसते. मग एअर फिल्टरची पेटी उघड्या तोंडाने थेट रेडिएटरच्या मागची हवा ओढत राहते. अशा गाडीला बाहेरून हवा आणणारा मार्ग करून देणे म्हणजे बदल नव्हे, दुरुस्ती आहे, आणि ती घरी करता येते.

मात्र शंकूच्या आकाराचा फिल्टर इंजिनाशेजारी उघडा बसवून त्याला थंड हवेचा इनटेक म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमणार नाही. आवाज मोठा होतो, चालकाला गाडी जोरात पळाल्यासारखे वाटते, आणि प्रत्यक्षात इंजिन पूर्वीपेक्षा गरम हवा घेत असते.

काम करणाऱ्याने एक तपासणी कधीही चुकवू नये. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला होज सोडवावा, पांढरे फडके बोटाला गुंडाळावे आणि नळीच्या आतून फिरवावे. फडके कोरडे व स्वच्छ निघाले किंवा तेलाचा हलका डाग आला तर ठीक. ब्रीदरची (इंजिनातली तेलकट वाफ बाहेर सोडणारी) नळी तिथेच जोडलेली असल्याने तेवढा ओलावा असतोच. फडक्यावर राखाडी, बोटांना कचकच लागणारी पूड आली, तर फिल्टरला वळसा घालून धूळ आत जात आहे. मेट्रोची आणि इमारतींची कामे चाललेल्या या शहरात त्या पुडीत सिमेंट आणि वाळू असते, जी टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा झिजवते. ही गळती बहुतेक वेळा क्लिपेखाली चिरलेल्या रबरी बेलोमधून (घड्यांच्या नळीतून) होते, आणि घरगुती कामात ती जास्त होते, कारण नळी आणि होज यांचे व्यास थोडे इकडेतिकडे असले तरी क्लिप आवळून भागवले जाते.

पीव्हीसीच्या पाइपचा विचार असेल तर तो सोडावा. ऐंशी अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो आणि करवतीने कापल्यावर कडेला चिकटलेला किस सुटून थेट टर्बोत जातो.

हिंदमाताजवळचा रहिवासी

तापमानाबद्दल एवढे लिहिले गेले, पण पाण्याबद्दल कोणीच लिहिले नाही याचे मला आश्चर्य वाटते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस अपवाद मानला, तरी हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे आणि अंधेरी सबवे या ठिकाणी पाणी साचण्यासाठी भरतीच्या वेळेचा एक जोरदार पाऊस पुरतो. थंड हवा शोधत नळी जितकी खाली आणि पुढे न्यावी, तितके तिचे तोंड पाण्याजवळ जाते. चाकाच्या कमानीत किंवा बंपरमागे तोंड ठेवण्याचा सल्ला कोरड्या प्रदेशात योग्य असेल. इथे तो इंजिनाच्या जिवावर बेतणारा आहे.

पाणी दाबले जात नाही, म्हणून पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यासाठी किती पाणी लागते, याचा हिशेब प्रत्येक मालकाने करून पाहावा. अडीच लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ६३० मिलिलिटर असते. कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) १८ धरला तर पिस्टन वर असताना उरणारी जागा अवघी ३७ मिलिलिटर भरते. अर्ध्या कटिंग चहाइतके पाणी आत गेले तरी तो सिलिंडर संपला. पाणी ओढल्याने झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विम्यात सहसा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते; आणि तीही घेतलेली असली तरी सर्वेक्षकाला घरगुती नळी दिसली की दाव्यावर प्रश्न उभा राहतो.

पिकअप हे ज्याचे पोट आहे, त्याने तीन टक्क्यांसाठी हा धोका पत्करू नये, असे मला अगदी कळकळीने वाटते.

ठाण्याचा परवाना सल्लागार

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांवर मर्यादा घालते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी पुस्तकात हवेच्या नळीचा तपशील नसतो, असा युक्तिवाद करता येतो. परंतु मालवाहू गाडीला फिटनेस तपासणीसाठी वारंवार उभे राहावे लागते आणि तिथे हा वाद घालण्यात दिवस जातो. मूळ पेटी आणि नळी फेकू नये, एवढे तरी पाळावे.

चेंबूरचा वाहतूकदार

सर्वांचे आभार. पाण्याचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो, आणि म्हणूनच मी नळीचे तोंड ग्रिलच्या वरच्या पट्टीमागे, हेडलाइटच्या उंचीवर ठेवणार असे आराखड्यात धरले आहे. मूळ पेटीचे तोंड त्याहून वर नाही. पेटीच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी छिद्र आणि त्यावर बाहेरच्या बाजूनेच उघडणारी रबरी झडप असेल. फिल्टर कागदीच राहील, कारण तेल लावलेल्या फिल्टरचे तेल मास एअर फ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या उपकरणाच्या) तारेवर बसून त्याचे मोजमाप बिघडवते. तो सेन्सर ज्या नळीत बसतो तिचा व्यासही मी बदलणार नाही.

तीन टक्क्यांच्या गणितावर मात्र माझा आक्षेप कायम आहे. त्या हिशेबात इंटरकूलर ७० टक्के काम करतो असे धरले आहे, पण तासभर रेंगाळलेल्या रांगेतून बाहेर पडल्यावर पुढून हवा मिळत नसल्याने इंटरकूलर स्वतःच तापलेला असतो. माझी तक्रार त्याच पहिल्या चढाची आहे, मोकळ्या रस्त्याची नाही.

माटुंग्याचा यंत्र अभियंता

तो आक्षेप विचार करण्याजोगा आहे, पण तेवढ्याने माझे मत बदलत नाही, कारण तापलेला इंटरकूलर पेटीमुळे थंड होणार नाही. निकाल मोजमापाने लागू द्यावा. काम करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पेटीच्या तोंडाशी साधा डिजिटल तापमापक बांधून रांगेत आणि चढावर आकडे लिहून घ्यावेत. तिथली हवा बाहेरच्या हवेपेक्षा पाच-सात अंशांनीच गरम निघाली तर पेटी बदलण्यात अर्थ नाही. त्यानंतर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या नळीला पारदर्शक बारीक नळी जोडून ती यू आकारात वाकवावी, तिच्यात पाणी भरावे आणि इंजिनावर पूर्ण भार असताना दोन बाजूंच्या पातळीतला फरक पाहावा. वीस सेंटिमीटर फरक म्हणजे सुमारे दोन किलोपास्कल, अर्थात वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्के अडथळा. हा आकडा जास्त आला तर आधी नवा फिल्टर घालून पुन्हा मोजावे.

हे आकडे इथे लिहिलेत, तर पेटी करावी की नाही यावर आपल्याला पुढे बोलता येईल. मापाआधी केलेल्या पेटीला माझा विरोधच राहील.

कुर्ल्याचा फिटर

यू नळी लावताना एक काळजी घ्यावी. पाण्याच्या स्तंभाची उंची पुरेशी ठेवली नाही तर भाराखाली तेच पाणी इंजिन ओढून घेते. नळी किमान मीटरभर उंच ठेवावी आणि चाचणी रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर, शेजारी नळीकडे पाहणारा दुसरा माणूस बसवूनच करावी.