विचारांची वही: मुलं ‘टेन्शन’ एवढंच लिहितात, पुढे काय?

वाचनकट्टा
तालुक्याच्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची तयारी करणारी पंचवीसेक मुलं-मुली आहेत. स्वतःलाच टाकून बोलायची सवय सुटावी म्हणून प्रत्येकाला एक वही दिली. रकाने तीन: प्रसंग, विचार, भावना. दोन आठवडे झाले, विचाराच्या रकान्यात ‘टेन्शन’, ‘मूड ऑफ’, ‘जमेल का?’ एवढंच दिसतं. जोडीला रोज सकाळी ‘मी यशस्वी होणारच’ दहा वेळा लिहायला सांगितलं होतं, तर काहीजण उलट जास्तच गप्प झाले. चुकतंय कुठे? मानसशास्त्र शिकलेलो नाही, तेव्हा पायरीपायरीने सांगा.

पाटीपेन्सिल
रकाने ठीक आहेत, भरण्यात घोळ आहे. ‘टेन्शन’ ही भावना झाली. एका शब्दात मावते ती भावना. ‘हे खरं की खोटं?’ असं ज्याला विचारता येतं ते वाक्य म्हणजे विचार. ‘जमेल का?’ यालाही तपासता येत नाही, कारण तो प्रश्न आहे. तिथे मुलाला एवढंच विचारा: ‘मग मनाने उत्तर काय दिलं?’ बहुतेकदा ते ‘नाही जमणार’ असतं. ते लिहायचं.

आरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात अशा वाक्यांवर काम केलं. ती आपोआप येतात आणि इतक्या झटकन जातात की मागे फक्त भावना उरते. म्हणून शोध उलटीकडून घ्यायचा. पोटात गोळा आला, पेन खाली ठेवलं, उगाच मोबाईल उचलला, की लगेच ‘आत्ता मनात काय म्हणालो?’ पंधराएक मिनिटांत टिपलं तर वाक्य जसंच्या तसं सापडतं. रात्री झोपताना लिहिलं तर सारांश हाती लागतो, आणि सारांश फार सभ्य असतो. दिवसाला एक नोंद पुरे.

भाषा घरचीच ठेवा. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाच्या डोक्यात ‘तुह्याच्यानं काही होत नाही’ येतं आणि वहीत तो ‘माझ्यात क्षमतेचा अभाव आहे’ असं लिहितो. डंख पहिल्या वाक्यात आहे. दुसऱ्याशी वाद घालून काय मिळणार?

आता तीनाचे सहा रकाने करा. एक नोंद भरून दाखवतो. वाक्य किती खरं वाटतं आणि भावना किती तीव्र, ते शंभरापैकी आकड्यात:

प्रसंग: रविवारचा सराव पेपर, १०० पैकी ४६, शेजारच्याला ६१.
वाक्य: ‘तू इथंच सडणार.’ विश्वास ८५ टक्के.
भावना: निराशा ८०, लाज ६०.
बाजूने पुरावा: मागचे तीन पेपर ४८, ४९, ४६. वाढ नाही.
विरुद्ध पुरावा: चुकलेल्यांपैकी ११ प्रश्न एकट्या गणिताचे. वेळ संपल्याने १४ प्रश्न वाचलेच नाहीत. राज्यघटनेचे बहुतेक बरोबर.
नवं वाक्य: ‘गुण पन्नाशीच्या आत अडकलेत. गणित आणि वेळ हे दोन अडथळे आहेत. ते सुटले नाहीत तर यंदा पूर्व निघणं अवघड.’ विश्वास ७५. निराशा आता ५०.

नवं वाक्य गोड नाही, मुद्दामच. त्यातून उद्या सकाळी काय करायचं ते कळतं. पुरावा मात्र कोर्टात टिकेल असा हवा; ‘मला तसं वाटतं’ हा पुरावा नव्हे. आणि निराशा ८० वरून थेट शून्यावर आली, तर मुलगा तुम्हाला खूश करायला लिहितोय असं समजा.

चकार
‘मी यशस्वी होणारच’ आजपासून बंद करा. २००९ साली कॅनडात मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य घोकायला लावल्यावर आणखी वाईट वाटलं. कारण सरळ आहे: न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच उलट दाखले काढू लागतं. निम्म्याहून कमी विश्वास बसतो ते वाक्य वहीत नको, कितीही छान असो.

दुसरं, शेवटच्या ‘च’कडे बघा. मराठीत हे अक्षर फार सोयीचं पडतं. वहीतल्या प्रत्येक ‘च’ला लाल गोल करायला सांगा: ‘कधीच’, ‘नेहमीच’, ‘मलाच’, ‘झालंच पाहिजे’. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा भर याच हट्टावर आहे. ‘पास व्हायचंय’ ही इच्छा, तिच्याने माणूस अभ्यासाला बसतो. ‘पास झालोच पाहिजे’ ही मागणी, आणि ती पुरी झाली नाही तर ‘मग मी कुचकामी’ हे तिच्या पोटातच असतं. ‘च’ काढून वाक्य मोठ्याने वाचायला लावा. ‘मला गणित जमतच नाही’चं ‘मला गणित जमत नाही’ झालं की ‘कुठलं गणित?’ असं विचारायला जागा होते. शेकडेवारी जमते, काळ-काम-वेग अडतो, असं काहीतरी निघतं.

म्हणींवरही लक्ष असू द्या. ‘पालथ्या घड्यावर पाणी’, ‘ये रे माझ्या मागल्या’ ही आयती सामान्यीकरणं. शहाणपणाचा वास येतो म्हणून कुणी तपासत नाही.

उलटतपासणी
वरचं सगळं मान्य, पण पुराव्यांचा खेळ सगळ्यांना लागू पडत नाही. काही मुलं तीन-तीन पानं भरतात आणि जास्तच खोलात जातात. एकच वाक्य पाचव्यांदा आलं तर वाद बंद. त्याला नाव द्यायचं: ‘आली, सडण्याची टेप आली.’ किंवा आधी जोडायचं, ‘माझ्या मनात असा विचार आलाय की…’, आणि हातातलं काम पुढे चालू. ‘हा विचार करायचाच नाही’ असं मात्र सांगू नका. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटल्यावर तेच अस्वल डोक्यात घुटमळतं, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली दाखवलंय.

वादापेक्षा प्रयोग बरा. भाकीत आधी लिहायचं: ‘गणित काढलं की दहा मिनिटांत डोकं बंद पडेल, दहापैकी दोन सुटतील.’ मग वीस मिनिटांचा गजर, शेकडेवारीची दहा उदाहरणं, आणि पुढे खरा आकडा. दोन ते चार अशा नोंदी झाल्या की भाकितं आपोआप नरमतात. सोपी उदाहरणं देऊन आकडा फुगवू नका, मुलं ओळखतात.

आणखी एक युक्ती: स्वतःला नावाने हाक मारून बोलणं. ‘सचिन, आज दहा उदाहरणं कर, मग बघू.’ थोडं अंतर पडतं. पण मराठीत शिवीसुद्धा ‘तू’नेच सुरू होते, म्हणून नावाबरोबर सूर शेजारच्या बाकावरच्या मित्राशी बोलतो तसा हवा.

वाचनकट्टा
एक अडचण. चौथा प्रयत्न असलेला मुलगा लिहितो, ‘वय निघून चाललंय.’ याला विरुद्ध पुरावा कुठून आणू?

पाटीपेन्सिल
आणू नका. बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा आहे आणि जागा मोजक्या. ते वाक्य खरं आहे. खऱ्या वाक्याला वहीत खोटं पाडायला गेलात तर वहीवरचा विश्वासच उडेल. तिथे वही मिटून कागदावर दुसरी सोय मांडायची: किती प्रयत्न, कोणत्या महिन्यापर्यंत, त्यानंतर कोणतं काम. तपासायचं ते याला चिकटून आलेलं पुढचं वाक्य, ‘म्हणजे मी वाया गेलो.’

‘मी नसलो तर घरचे सुटतील’ अशा अर्थाचं काही दिसलं, किंवा दोन आठवडे झोप-भूक उडालेली असेल, तर रकाने भरत बसू नका. बाजूला घेऊन सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. एकटं सोडू नका, घरच्या माणसाला बोलवा आणि टेली-मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला, १४४१६ वर फोन लावा. सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. त्याला डॉक्टरांकडे पोहोचवायचंच.

राहिलं एक. वह्या गोळा करून तपासू नका. सर वाचणार म्हटलं की खरं वाक्य कुणी लिहीत नाही, ‘टेन्शन’च लिहितात. ज्याला दाखवायचंय त्याने आठवड्यात एक नोंद स्वतः आणून दाखवावी.