मदत हवी आहे: बेकलाइटचा गोळा सच्छिद्र होतोय, बेकलँडने नेमकं काय वेगळं केलं?

स्वप्नील_के: बेकलाइट हे प्लास्टिक शोधणाऱ्या लिओ बेकलँडवर पोस्टर करतोय, सोबत बेकलाइटचा नमुना ठेवायचाय. दर वेळी गुलाबी, बुडबुड्यांनी भरलेला ठिसूळ गोळा मिळतो. प्रदर्शन परवा आहे. भरीव, चकचकीत तुकडा कसा मिळवायचा?

राळवाला: उत्प्रेरक (अभिक्रिया घडवून आणणारा पदार्थ) कोणता, प्रमाण काय? गुलाबी म्हणताय म्हणजे आम्ल असणार.

स्वप्नील_के: नेहमीचंच हो. 5 मिलि ग्लेशियल (जवळपास शुद्ध) ॲसेटिक आम्ल, 2.5 मिलि फॉर्मॅलिन (पाण्यात विरघळलेलं फॉर्माल्डिहाइड), 2 ग्रॅम फिनॉल, वरून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब.

राळवाला: मग बुडबुडे येणारच. तीव्र आम्लात अभिक्रिया भडकते, आणि पाणी व उरलेला फॉर्माल्डिहाइड निसटायच्या आत गोळा घट्ट होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायरने 1872 मध्ये फिनॉल आणि ॲल्डिहाइडची अभिक्रिया घडवली, तेव्हा हाती लागलेली राळही कुणाच्या कामाची नव्हती. बुडबुडे टाळायला बाकीचे लोक तापमान कमी ठेवत. बेकलँड उलट्या वाटेने गेला. उत्प्रेरक म्हणून थोडासा अल्कली घालायचा, अभिक्रिया मध्येच थांबवायची, वर आलेलं पाणी काढून टाकायचं. उरते ती 'ए' अवस्था: वितळते, अल्कोहोलात विरघळते. पुढची 'बी' अवस्था तापवल्यावर नुसती मऊ पडते. 'सी' झाली की पुन्हा कधीच वितळत नाही. ही शेवटची पायरी 'बेकलायझर' या बंद भांड्यात, 100 अंशांच्या बरंच वर, दाबाखाली. दाबामुळे वाफ फुगत नाही. त्याचं पेटंट 'उष्णता आणि दाबा'चं म्हणून ओळखलं जातं, ते यामुळेच.

जुना_रेडिओ: बेकलाइटच्या रेडिओ कॅबिनेटची चमक गेली असेल तर पाण्यात भिजवू नका. वरचा राळेचा थर झिजला की आतलं लाकडाचं पीठ उघडं पडतं आणि पाणी शोषतं.

स्वप्नील_के: रेडिओ नाही हो! राळवाला, नळीचं तोंड बंद करून ओव्हनमध्ये ठेवू का?

राळवाला: अजिबात नको. काच फुटेल आणि गरम फिनॉल अंगावर उडेल. फिनॉल त्वचेतून शरीरात जातं, भाजल्याचं लवकर कळतही नाही.

मानसी_पी: शिवाय हायड्रोक्लोरिक आणि फॉर्माल्डिहाइडच्या वाफा एकत्र आल्या की बिस-क्लोरोमिथाइल ईथर होऊ शकतं, ते कर्करोगकारक आहे. फ्यूम हूडबाहेर (वाफा ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटाबाहेर) हा प्रयोग करूच नका. झालेला गोळा झाकणबंद बाटलीत ठेवा, शेजारी जुना काळा स्विच मांडा. फरक लोकांना आपोआप दिसेल.

इतिहासकट्टा: पोस्टरवर 'पहिलं प्लास्टिक' लिहू नका. हायटचं सेल्युलॉइड आधीचं, पण ते वनस्पतीतल्या सेल्युलोजपासून. 'पहिलं पूर्णपणे कृत्रिम प्लास्टिक' लिहा. तारखांची गल्लत करू नका: पेटंटचा अर्ज जुलै 1907, जाहीर घोषणा फेब्रुवारी 1909, पेटंट मंजूर डिसेंबर 1909, कंपनी 1910. आणि बेकलँडचा आधीचा शोध, वेलॉक्स फोटोपेपर, गाळू नका. 1899 मध्ये तो व्यवसाय कोडॅकवाल्या ईस्टमनला विकून पैसा आला, म्हणून न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्सच्या घरी स्वतःची प्रयोगशाळा चालवता आली.

राळवाला: पैशाने सवड मिळाली, दिशा नाही. त्याला लाखेला पर्याय हवा होता. वीज पसरत होती, विद्युतरोधकाला लाख पुरत नव्हती. पोस्टरची सुरुवात तिथून हवी.

इतिहासकट्टा: लाखेच्या मागे बरेच जण होते. ब्रिटनमध्ये जेम्स स्विनबर्न हा अभियंता अशाच राळेच्या पेटंटला गेला तेव्हा बेकलँड एका दिवसाने पुढे होता. सवड नसती तर हा दिवस हातचा गेला असता.

स्वप्नील_के: भांडा नंतर. काळा स्विच मिळालाय, पण तो बेकलाइटचाच कशावरून?

मानसी_पी: आतल्या बाजूला, न दिसेल अशा जागी तापलेली सुई टेकवा. टोक रुतलं, मऊ पडलं तर दुसरं प्लास्टिक. नाही रुतलं आणि फिनॉलचा उग्र वास आला तर बेकलाइट. खिडकी उघडी ठेवून करा.