गंगापूर धरणाच्या विसर्गावरून नाशिकच्या भांडी बाजारात पाणी शिरेल की नाही, हे कसे ओळखावे?

नवा दुकानदार, भांडी बाजार:
नमस्कार. यंदाच मी भांडी बाजारात पितळी भांड्यांचे दुकान भाड्याने घेतले. गेल्या आठवड्यात गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा फार मोठा नव्हता, गोदाघाटावर पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या जेमतेम गुडघ्यापर्यंत पाणी होते, आणि तरीही माझ्या दुकानाची खालची पायरी बुडाली. शेजारचे जुने दुकानदार क्युसेकचे आकडे न पाहता मारुतीकडे पाहून माल हलवतात. नेमके कशावर विसंबावे, हे जाणत्यांनी कृपया सांगावे.

निवृत्त अभियंता, गंगापूर रोड:
आपल्या पायरीवर आलेले पाणी बहुधा नदीचे नसून नाल्याचे असावे. सराफ बाजार आणि दहीपुलाच्या भागातून सरस्वती नाला गोदावरीला मिळतो. शहरात जोराचा पाऊस झाला आणि त्याच वेळी नदीची पातळी वाढलेली असली, की नाल्याचे पाणी नदीत उतरू शकत नाही आणि मागे फिरून बाजारात पसरते. म्हणूनच मारुतीच्या गुडघ्याइतक्या पाण्यातही आपल्याकडे पायरी बुडते. दुसरे असे की गंगापूरचा आकडा म्हणजे फक्त धरणातून सोडलेले पाणी. धरणाच्या खाली आनंदवलीपासून रामकुंडापर्यंत पडलेला पाऊस त्यात येत नाही. त्यासाठी रामकुंडाजवळच्या होळकर पुलाखालचा विसर्ग स्वतंत्रपणे सांगितला जातो, तो पाहावा. (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी.) धरण मातीचे आहे, त्यावरून पाणी वाहू देणे कधीच परवडणारे नाही, त्यामुळे भरत आलेल्या धरणावर पाऊस सुरू राहिला, तर विसर्ग काही तासांत कित्येक पटींनी वाढू शकतो. म्हणून सकाळच्या आकड्यावर संध्याकाळपर्यंत निश्चिंत राहू नये.

सराफ बाजारातील एक ताई:
दादा, १९ सप्टेंबर २००८ आणि ४ ऑगस्ट २०१९ हे दोन्ही पूर मी दुकानात राहून पाहिले आहेत, आणि १९६९च्या पुराच्या गोष्टी सासूबाईंकडून ऐकल्या आहेत. पाणी ओसरते, पण गाळ राहतो, आणि त्याचाच त्रास अधिक होतो. ओला आहे तोवर तो पाण्याच्या फवाऱ्याने निघतो. एकदा वाळला की कळशीच्या काठाच्या दुमडीत असा बसतो की काडीने कोरावा लागतो, आणि तेवढे करूनही पितळेवर काळे डाग राहतातच. तेव्हा पावसाळाभर जड माल खाली आणि नाजूक, नक्षीचा माल माळ्यावर ठेवा. वह्या आणि बिले घरी न्या. महिन्यातून एकदा सगळ्या मालाचे मोबाईलवर चित्रीकरण करा, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी काय वाहून गेले हे तोंडी सांगत बसावे लागणार नाही. विमा असेल तर त्यात पुराचे संरक्षण आहे का, हे आजच वाचून घ्या. आमच्या कागदावर ते नव्हते आणि आम्हाला ते पूर ओसरल्यावर कळले.

शेतकरी, सायखेडा:
आपल्याकडे पाणी एका दिवसात उतरते, आमच्याकडे ते थांबते. नाशिकचे पाणी वाटेत नासर्डी आणि पुढे दारणा या उपनद्यांना घेऊन आमच्यापर्यंत येते, आणि खाली नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे त्याला पुढे सरकायला वाव राहत नाही. शहराच्या बाजूने वाहून आलेल्या पाणवेली आमच्या पुलाला अडकल्या, की पाणी आणखी चढते. चांदोरीचे खंडोबाचे देऊळ बुडाले, की आम्ही जनावरे सोडून उंचावर नेतो. पण उभे सोयाबीन उचलून नेता येत नाही, आणि दोन-तीन दिवस मुळाशी पाणी साचले की ते हातचे गेलेच म्हणायचे. होळकर पुलाचा आकडा आम्हालाही उपयोगाचा आहे, मात्र त्यासोबत दारणेचा विसर्ग पाहिल्याखेरीज आमचा अंदाज पूर्ण होत नाही.

नवा दुकानदार, भांडी बाजार:
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. नक्षीचा माल आज रात्रीच माळ्यावर चढवतो. नाल्याचे तोंड नदीला नेमके कोठे मिळते, ते उद्या सकाळी घाटावर जाऊन स्वतः पाहीन.