‘दंडाज्ञा’ आणि ‘दोष काढणे’ : अर्थ एकच का?

प्रश्न : बायबलच्या नव्या करारात रोमकरांस पत्र ८:१ मध्ये ‘दंडाज्ञा नाही’ असे वाचतो, मत्तय ७:१ मध्ये ‘दोष काढू नका’. मूळ ग्रीकमध्ये शब्द एकच आहे का?

प्रतिसाद : धातू एक, शब्द दोन. मत्तयात ‘क्रिनो’ आहे, म्हणजे पारखणे, निवाडा करणे. निकाल कुठल्याही बाजूने लागू शकतो. त्याला ‘काता’ (विरुद्ध) हा उपसर्ग लागला की ‘काताक्रिनो’ होते, म्हणजे निकाल विरुद्ध गेला. रोम ८:१ मधले ‘काताक्रिमा’ हे त्याचे नाम. नव्या करारात ते तीनदाच येते, तेही रोमकरांस पत्रातच : ५:१६, ५:१८ आणि ८:१. त्यातले ५:१६ अवश्य पाहा. तिथे ‘क्रिमा’ (‘क्रिनो’चे नाम, निवाडा) आणि ‘काताक्रिमा’ शेजारीशेजारी आहेत. निवाडा सुरू होऊन शिक्षेपर्यंत पोचतो, असा क्रम दिसतो. म्हणून ‘दंडाज्ञा’ हा शब्द मला अगदी नेमका वाटतो. ८:१ वाचून ‘माझ्यात दोषच नाही’ असा अर्थ घेतात, तो चुकीचा आहे. दोष होता; शिक्षेचा हुकूम उरलेला नाही.

प्रतिसाद : एक सावधगिरी. नुसता ‘क्रिनो’ही कधीकधी शिक्षेच्या अर्थाने येतो. अशा वेळी त्याच्या समोर कोणता शब्द उभा आहे ते बघावे. योहान ३:१७ मध्ये समोर ‘तारण’ आहे, म्हणजे तिथे शिक्षाच अभिप्रेत. रोम ८:३३-३४ मध्ये ‘काताक्रिनो’समोर ‘दिकायोओ’ (नीतिमान ठरवणे) आहे. दोन्ही न्यायालयातले शब्द. लूक ६:३७ मध्ये तर ‘न्याय करू नका’ आणि ‘दोषी ठरवू नका’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. आणि ‘कधीच निवाडा करू नये’ म्हणणाऱ्यांनी योहान ७:२४ वाचावे : यथार्थ निवाडा करा, अशी तिथे आज्ञाच आहे.

प्रश्न : मग ‘दया’? तिथे तरी मूळ शब्द एकच आहे का?

प्रतिसाद : इथे मराठीत खरी अडचण होते. लूक १८:३८ मधला आंधळा ‘दया करा’ म्हणतो, तो ‘एलेएओ’ (कळवळून दया करणे). त्याच अध्यायात १८:१३ ला जकातदारही मराठीत ‘दया कर’ म्हणतो, पण मूळ क्रियापद ‘हिलास्कोमाय’ : पापाचे प्रायश्चित्त होऊन मिळणारी क्षमा. कराराच्या कोशावरच्या (आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीवरच्या) ‘दयासना’चा, म्हणजे तिच्या झाकणाचा, ग्रीक शब्द याच कुळातला. एक संकटातून सुटका मागतो, दुसरा अपराधातून. जुन्या करारातल्या होशेय ६:६ मधला हिब्रू ‘हेसेद’ आणखी वेगळा, कराराला जागणारी निष्ठा. ग्रीक अनुवादात तो ‘एलेओस’ (दया) झाला आणि मत्तय १२:७ मध्ये तसाच उद्धृत झाला : त्याचा अर्थ कळला असता, तर तुम्ही निर्दोषांना दोषी ठरवले नसते. दया आणि दोषी ठरवणे, दोन्ही एकाच वचनात.