मीनाचित्र असलेल्या जुन्या सोन्याच्या पदकाची कडी झिजली आहे. दुरुस्ती कशी करावी?

नमस्कार. आम्ही वेंगुर्ल्याचे. माझ्या आजेसासूबाईंचे एक सोन्याचे पदक माझ्याकडे आले असून त्याच्या दुरुस्तीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. गुलाबाचे फूल हाती धरलेल्या एका युरोपीय स्त्रीचे चित्र त्यावर असल्यामुळे घरात त्याला ‘मडमेचे पदक’ म्हणतात. आजेसासरे मुंबईच्या गोदीत नोकरीला होते आणि एका गणपतीत आगबोटीने घरी येताना त्यांनी ते आणले, एवढेच सासूबाई सांगतात.

चित्र लंबगोल, अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे आहे. भिंगातून पाहिल्यास चेहऱ्यावरच्या छटा सुईच्या टोकाएवढ्या, कमीजास्त अंतरावरच्या ठिपक्यांनी साधलेल्या दिसतात. छापील चित्रासारख्या त्यांच्या एकसारख्या ओळी नाहीत, म्हणून ते हाताने रंगवलेले असावे असे मला वाटते. जयपुरी मीनाकामात सोन्यात कोरलेल्या खाचांत रंग भरतात. येथे खाच कुठेच नाही, पांढऱ्या मीन्याच्या गुळगुळीत थरावर चित्र काढून ते भाजलेले आहे. मागच्या बाजूलाही निळसर मीना आहे. एकाच बाजूला तो दिला तर भट्टीतून काढल्यावर काच आणि धातू सारख्या प्रमाणात आकसत नाहीत व पत्रा वाकतो, म्हणून दोन्ही बाजू मढवण्याची पद्धत आहे. डाव्या कडेला मात्र एक टवका उडाला आहे. तेथे लालसर तांबे दिसते आणि आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेने त्यावर हिरवा कळंक धरू लागला आहे. म्हणजे चौकट सोन्याची, पण चित्राचा पत्रा तांब्याचा.

कडी झिजून दोऱ्याएवढी उरली आहे. आमच्या सोनारांनी कस पाहून सोने १८ कॅरेटचे असल्याचे सांगितले आणि जुनी कडी कापून २२ कॅरेटची नवी कडी डाक लावून जोडावी, मग पदक तेजाबात धुऊन उजळून द्यावे, असे सुचवले. ते विश्वासाचे आहेत, पण मला धीर होत नाही. मीना म्हणजे काचच. शेजारी ज्योत लागली तर त्याला चीर जाऊ शकते आणि तेजाब त्या टवक्यातून आत शिरेल. शिवाय त्या कडीवरच गरुडाच्या डोक्याचा बारीक छाप आहे. फ्रान्समध्ये १८३८ पासून १८ कॅरेट सोन्यावर असा छाप मारत आले आहेत, म्हणून ती कडी आटवली तर पदकाचे मूळ सांगणारी एकमेव खूण जाईल.

ज्योत न वापरता लेझरने कडीला आधार देणारे कारागीर रत्नागिरी, कोल्हापूर किंवा मुंबईत कोणाला माहीत आहेत का? छाप जागेवर ठेवून जुन्या कडीत दुसरी, सुटी कडी अडकवली तर झीज थांबेल का? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात खाजगी वस्तू पाहून देतात का, हा अनुभव कोणी घेतला असल्यास अवश्य लिहावे. टवक्यावरचा कळंक मी स्वतः काढू नये, असे समजून त्याला हात लावलेला नाही.

विकण्याचा विचार मुळीच नाही, त्यामुळे किमतीचा अंदाज नको आहे. पदक साखळीतून काढून मऊ सुती कापडात, इतर दागिन्यांपासून वेगळ्या डबीत ठेवले आहे. पावसाळ्यात त्या डबीत सिलिका जेलची पुडी ठेवणे मीन्याला मानवते का, हेही कृपया सांगावे.