अनुभव धागा : फँटसीतली त्याची-तिची निखळ मैत्री

2007 च्या जुलैत हॅरी पॉटरचं सातवं पुस्तक आलं तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. एका वर्गमित्राने आणि मी पैसे जमवून मिळून एकच प्रत घेतली. दिवसा तो वाचायचा, रात्री हॉस्टेलवर मी. सकाळी गेटपाशी पुस्तकाची देवघेव व्हायची. "कुठपर्यंत आलीस?" एवढंच विचारायचं, पुढचं काही फोडायचं नाही, असं ठरलेलं. चौथ्या दिवशी मेसमध्ये पहिला प्रश्न आला, "तुमचं काय चाललंय?" मी म्हटलं, "तसलं काही नाही." पुढच्या अठरा वर्षांत हे वाक्य मी सासरी, माहेरी, ऑफिसात, सगळीकडे म्हटलंय.

त्या पुस्तकातला तंबूचा भाग आठवतो? तिघांतला तिसरा मित्र रॉन चिडून निघून गेलाय. कडाक्याची थंडी, खायचे वांधे आणि हॅरी-हर्मायनी दोघंच. ख्रिसमसच्या आदल्या रात्री ते गॉड्रिक्स हॉलोला पोचतात. हॅरीच्या आईवडिलांच्या कबरीसमोर उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण काहीच आणलं नाही. तो बोलत नाही. हर्मायनी छडी फिरवून फुलांचं चक्र तयार करते, तो ते कबरीवर ठेवतो. 2010 च्या सिनेमात त्या दोघांचा तंबूतला नाच घातला, तो पुस्तकात नाही. मला फुलांचं चक्रच पुरेसं होतं.

पुढे शत्रूच्या जादूचं लॉकेट नष्ट झाल्यावर हॅरी रॉनला समजावतो की ती मला बहिणीसारखी आहे. तिथे मात्र मी अडखळले. सहा वर्षांची मैत्री, मरणाच्या दारातून परत आलेली, तिलाही शेवटी 'बहीण' म्हणावंच लागलं?

म्हणून हा धागा. जादू, राक्षस, ड्रॅगन, दुसरं जग असलेल्या कुठल्या गोष्टीत तुम्हाला अशी मैत्री भेटली, आणि तुमच्या आयुष्यातल्या कुणाची आठवण तिने करून दिली? पुस्तक, मालिका, सिनेमा, काहीही चालेल. खऱ्या माणसांची नावं मात्र घालू नका.

कोल्हापूर, निवृत्त शिक्षिका

महाभारताला मी फँटसी म्हणणार नाही, पण तुमच्या 'बहीण' या शब्दावर मला बोलायचंय.

आपल्याकडे कृष्ण-द्रौपदी म्हटलं की चिंधीचं गाणं आठवतं. 1953 च्या 'श्यामची आई' सिनेमातलं. कृष्णाचं बोट कापलं, सख्खी बहीण सुभद्रा शालू-पैठणी फाडायला तयार नाही आणि द्रौपदी भरजरी पीतांबर फाडून देते. गाणं मला फार प्रिय आहे, शाळेत मी ते दरवर्षी बसवून घेतलं. पण त्यात कृष्ण द्रौपदीचा 'बंधू' आहे. व्यासांच्या वनपर्वात ती वेगळं बोलते. वनात कृष्ण भेटायला येतो तेव्हा ती संतापून विचारते की मी पांडवांची भार्या, धृष्टद्युम्नाची बहीण आणि तुझी सखी, तरी माझे केस धरून मला सभेत ओढलं कसं गेलं? नवरे, भाऊ आणि सखा, तिन्ही नाती तिने वेगवेगळी उच्चारली आहेत. तो शब्द आपल्याकडे होता. आपण त्यावर राखी बांधली.

हे मी जगलेय. गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या एका शाळेत मी आणि एक सर बावीस वर्षं एकाच एसटीने जात होतो. ते गणित शिकवायचे, मी मराठी. मी त्यांना सर म्हणायची, ते मला बाई. वाटेतल्या वळणांनी मला मळमळायचं, म्हणून ते रोज खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवायचे. गावात कुजबुज सुरू झाली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, एक राखी बांधून टाका, म्हणजे तोंडं बंद होतील." मी बांधली. तोंडं बंद झाली. पण त्या दिवशी एसटीत आम्ही दोघंही गप्प होतो. आमच्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. ते काय होतं, ते सांगायला आज इतक्या वर्षांनी हा धागा मिळाला.

पुणे, मूळचा सोलापूरचा

बाई, तुमचं वाचून थोडा वेळ पुढे सरकलोच नाही.

माझी जोडी एओविन आणि मेरी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (1954-55) बहुतेकांना सिनेमामुळे माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी : मेरी हा हॉबिट, उंचीने माणसाच्या कमरेएवढा. एओविन रोहानच्या राजाची भाची. लढाईला निघताना दोघांनाही मागे राहायला सांगितलंय. एकाला लहान म्हणून, दुसरीला बाई म्हणून. ती डर्नहेल्म नावाने पुरुषाच्या वेशात सैन्यात शिरते आणि मेरीला आपल्या घोड्यावर पुढ्यात बसवून, झग्याखाली झाकून घेऊन जाते. सिनेमात तो तिला लगेच ओळखतो. पुस्तकात ओळखत नाही! दिवसचे दिवस तो त्या घोड्यावर आहे आणि हात देणारं माणूस बाई आहे की पुरुष, हे त्याला ठाऊकच नाही. पेलेनोरच्या मैदानात तिचं शिरस्त्राण गळून पडतं तेव्हा त्याला कळतं. मग ती एकटी मरू नये एवढ्याच विचाराने तो घाबरत, रांगत पुढे सरकतो आणि तिच्याशी लढणाऱ्या, शत्रूच्या काळ्या सेनापतीच्या गुडघ्यामागे वार करतो. तो वार झाला म्हणून तिचा शेवटचा घाव बसतो. कुठल्याही पुरुषाच्या हातून न मरणारा तो शत्रू एक बाई आणि एक हॉबिट मिळून संपवतात. नंतर दोघंही एकाच विषारी सावटाने आजारी पडतात, एकाच उपचारगृहात. पुढे एओविनचं लग्न फारामीरशी होतं आणि मेरीच्या मैत्रीला त्याने काहीही धक्का लागत नाही.

मी एमपीएससी करायला सदाशिव पेठेत आलो तेव्हा अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी होती, बीडकडची. तिच्या घरून दर आठवड्याला 'स्थळ आलंय, परत ये' असा फोन. माझ्या घरून 'दुकानावर बस'. आम्ही नोट्स वाटून घेतल्या. इतिहास-पॉलिटी तिच्याकडे, भूगोल-अर्थशास्त्र माझ्याकडे. आठवड्यातून दोनदा एकमेकांचे प्रश्न काढायचे. पूर्वपरीक्षेच्या सकाळी मला ताप होता, तिने स्कूटीवर मागे बसवून आधी मला माझ्या केंद्रावर सोडलं आणि मग स्वतःच्या केंद्रावर गेली. पाच मिनिटं उशीर झाला असता तर तिचं वर्ष गेलं असतं. तिच्या मैदानी चाचणीच्या तयारीला पहाटे पाचला स्टॉपवॉच घेऊन मी ग्राउंडवर उभा असायचो. मुलं म्हणायची, "पटवतोय." मी तेव्हा पुस्तकाचा तो भाग वाचला होता, त्यामुळे मी काय करतोय हे मला नीट माहीत होतं.

ती पीएसआय झाली. मी चौथ्या प्रयत्नानंतर सोडून दिलं. तिच्या पासिंग आउट परेडला तिने मला आणि माझ्या बायकोला बोलावलं होतं.

डोंबिवली

थोडक्यात लिहितो. हॅरी पॉटरमधलीच, त्याच्या शाळेतली लूना आणि हॅरी. पाचव्या पुस्तकात शाळेच्या गाड्या ओढणारे थेस्ट्रल नावाचे पंखवाले घोडे सगळ्यांना दिसत नाहीत. ज्याने मरण पाहिलंय त्यालाच दिसतात. लूनाला दिसतात, कारण नऊ वर्षांची असताना तिने आईला जाताना पाहिलं. सिरियस, म्हणजे हॅरीचा पालक, गेल्यावर हॅरीला कुणाशीच बोलवत नाही, पण लूनाशी बोलवतं. सहाव्या पुस्तकात तो तिला पार्टीला 'मित्र म्हणून' बोलावतो आणि तिला खरोखर आनंद होतो, कारण असं तिला याआधी कुणी विचारलेलंच नसतं.

अकरावीत माझे बाबा गेले. वर्गातली सगळी मुलं चांगली होती, पण माझ्यासमोर आली की क्रिकेटवर बोलायची. वर्गातली एक मुलगी, जिची आई आधीच गेली होती, लोकलमध्ये माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "पहिल्या वर्षी सण फार वाईट जातात. दिवाळीला आमच्याकडे ये." गेलो होतो. अजून दर दिवाळीला जातो, आता मुलांना घेऊन.

मडगाव

मला थोडं उलटं म्हणायचंय. अर्सुला ल गुइनच्या अर्थसी मालिकेतलं 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' (1971) माझं सगळ्यात आवडतं. तेनार ही लहानपणीच घरातून उचलून थडग्यांची पुजारीण केलेली मुलगी. तिचं नावही काढून घेतलंय. तिच्या अंधाऱ्या भुलभुलैयात गेड हा जादूगार शिरतो आणि ती त्याला कोंडते. त्याला मारायचं तिच्या हातात आहे, पण ती पाणी नेऊन देते. तो तिला तिचं खरं नाव परत देतो. तुटलेल्या जादुई कंकणाचे दोन अर्धे जुळतात, ती बाहेर पडते, आणि तो तिच्याकडे काही मागत नाही. गोंट बेटावर आपल्या गुरूकडे तिची सोय लावतो. तिचं आयुष्य तिचंच राहतं.

मग एकोणीस वर्षांनी, 1990 मध्ये 'तेहानू' आलं आणि त्यात ते दोघं एकत्र येतात. मी रागाने पुस्तक मिटलं होतं. एवढी एक जोडी तरी सोडायची होती, असं वाटलं. आजही पूर्ण पटलेलं नाही.

नाशिक

मडगावकर, तुमचा राग समजतो, पण मी 'तेहानू' पन्नाशीत वाचलं. त्यात तेनार विधवा आहे. तिने शेतकऱ्याशी लग्न केलं, मुलं वाढवली. गेडची सगळी जादू संपलीय, तो रिकामा होऊन परत आलाय. मधल्या वर्षांत ती मैत्री मैत्रीच होती. ती खोटी होती असं पुढच्या पुस्तकाने ठरत नाही.

मी माझ्या मित्राशीच लग्न केलं, ओळखीनंतर चौदा वर्षांनी. लोक म्हणाले, "बघा, आम्ही म्हणतच होतो." ते वाक्य आम्हाला दोघांनाही लागलं. आधीची चौदा वर्षं म्हणजे लग्नाची वाट बघणं नव्हतं.

धागाकर्ती

नाशिककर ताई, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. माझ्या प्रश्नातच 'शेवटपर्यंत मैत्रीच' अशी अट लपलेली होती. ती काढून टाकते.

मुंबई, वय 23

आमच्या पिढीत उलट त्रास आहे. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' (2005-2008) ही अॅनिमेशन मालिका बघितलीय? शेवटी दुष्ट राजकन्या अझुला नायकाच्या गटातल्या कटारावर वीज सोडते आणि अझुलाचाच भाऊ झुको मध्ये उडी घेऊन ती स्वतःवर घेतो. मग कटारा एकटीने अझुलाला साखळीने बांधते आणि येऊन झुकोवर उपचार करते. या प्रसंगावरून फॅन्डममध्ये, म्हणजे चाहत्यांमध्ये, आजही भांडणं होतात. अर्ध्या लोकांना ती जोडी हवी होती. मी पण आधी त्यांच्यात होते, फॅनफिक, म्हणजे त्या पात्रांवर स्वतः रचलेली गोष्टसुद्धा लिहिली.

पण परत बघताना वेगळं दिसलं. झुकोने तिचा विश्वास एकदा मोडलाय. बाकी सगळ्यांनी त्याला माफ केलं तरी तिने केलं नव्हतं. तिच्या आईच्या मारेकऱ्याला शोधायला तो तिच्यासोबत जातो, तिच्या निर्णयाच्या आड येत नाही, त्यानंतर कुठे ती त्याला मिठी मारते. म्हणजे विजेचा तो प्रसंग हे कमावलेल्या विश्वासाचं फळ आहे. मुलाने मुलीसाठी जीव धोक्यात घातला की ते प्रेमच असणार, हे मी गृहीत धरलं होतं. माझ्या एका मित्राशी मी असंच चुकीचं वागले. तो परीक्षेच्या वेळी माझ्यासाठी रात्रभर जागला म्हणून मी ठरवूनच टाकलं की याचं माझ्यावर प्रेम आहे, आणि त्याला टाळायला लागले. त्याला कारणच कळेना. दीड वर्षाने मी माफी मागितली. तो अजून थोडा जपून असतो. ते मला कळतं, आणि मी थांबले आहे.

टोरांटोजवळून, दोन मुलांची आई

आमच्याकडे झोपताना नार्नियाची पुस्तकं मोठ्याने वाचते, इंग्रजीत वाचून मध्येच मराठीत सांगत. माझा मुलगा नऊ वर्षांचा. त्याची खास मैत्रीण आहे आणि शाळेत 'गर्लफ्रेंड' म्हणून चिडवायला लागल्यावर त्याने तिच्याशी बोलणं सोडलं. मला काय करावं सुचेना.

तेव्हा 'द सिल्व्हर चेअर' (1953) सुरू होतं. जिल पोल शाळेच्या व्यायामशाळेमागे रडत बसलीय, मुलांनी छळलंय. युस्टेस येतो. आधी चुकीचं काहीतरी बोलतो, मग तिला एक पेपरमिंट देतो आणि एक स्वतः खातो. तिथून पुढे ते दोघं दुसऱ्या जगात जातात, भांडतात, दिलेल्या खुणा विसरतात, राक्षसांच्या तावडीत सापडतात, हरवलेल्या राजपुत्राला सोडवतात. पुस्तक संपतं आणि ते मित्रच राहतात. मुलगा म्हणाला, "आई, ते आडनावाने हाक मारतात एकमेकांना." त्याला ते फार आवडलं. दोन दिवसांनी डब्यात दोन लाडू मागितले. मी विचारलं नाही कुणासाठी.

कोल्हापूर, निवृत्त शिक्षिका

हा धागा काल मी सरांना फोनवरून वाचून दाखवला. त्यांना आता नीट दिसत नाही, सूनबाईंनी फोन कानाला धरला होता. एओविनचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. घोड्याचं नाव काय होतं विचारलं. मला माहीत नव्हतं. सोलापूरच्या मुला, लिहिशील का? आणि राखीचं मी लिहिलंय ते ऐकून म्हणाले, "बाई, त्या दिवशी गोळी द्यायची मी विसरलो होतो. तुम्हाला वळणावर त्रास झाला असेल."

पुणे, मूळचा सोलापूरचा

विंडफोला, बाई. घोड्याचं नाव विंडफोला. सरांना सांगा.