पोर्ट शिकागो, 1944: ते 50 खलाशी खरंच बंडखोर होते का?

धागाकर्ता: सागरवाट

अमेरिकी नौदलाने 1 जून 1942 पासून कृष्णवर्णीयांना भटारखान्याबाहेरच्या कामांवरही घ्यायला सुरुवात केली, असं वाचलं. मग दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागोला दारूगोळा चढवणारे झाडून सगळे खलाशी कृष्णवर्णीयच कसे? आणि जुलै 1944 मध्ये तिथे जहाज भरताना मोठा स्फोट झाल्यावर त्यांच्यातल्या काहींनी हे काम नाकारलं, तर त्याला थेट 'बंड' कसं म्हणता येतं? आपल्याकडे त्याच वर्षी 14 एप्रिलला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन हे स्फोटकं भरलेलं जहाज फुटलं, त्याच्याशी कारणांचं काही साम्य आहे का?

प्रतिसाद: नांगर

1942 चा हुकूम नीट वाचला की पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. भरती खुली झाली, पण नेमणूक किनाऱ्यावरच्या तळांवर आणि बंदरातल्या लहान बोटींवर. समुद्रावर जाणाऱ्या लढाऊ जहाजांवर तेव्हाही वाढपी आणि आचारीच. डोरिस मिलर या कृष्णवर्णीय खलाशाचंच बघा. पर्ल हार्बरला त्याने वेस्ट व्हर्जिनिया या युद्धनौकेवर न शिकवलेली विमानविरोधी मशीनगन चालवली, मे 1942 मध्ये अॅडमिरल निमिट्झ यांच्या हातून नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक घेतलं, आणि नोव्हेंबर 1943 मध्ये त्याचं जहाज लिस्कम बे बुडालं तेव्हाही त्याचा हुद्दा आचाऱ्याचाच होता. ग्रेट लेक्सच्या तळावर गोळीबार आणि दोरखंडाचं काम शिकून निघालेली पोरं मग हमालीला लागली. मेसन या जहाजावर कृष्णवर्णीय खलाशी चढले ते मार्च 1944 मध्ये, आणि तेही प्रयोग म्हणून.

प्रतिसाद: धक्का नं. 9

कामाची पद्धत समजल्याशिवाय नकार समजत नाही.

मालगाडीचे डबे थेट धक्क्यावर यायचे. बॉम्ब डब्यात लाकडं ठोकून घट्ट बसवलेले असत. ती लाकडं उचकटायची, बॉम्ब फळीवरून गडगडत खाली आणायचे, मग जाळीत किंवा लाकडी पाटावर घालून विंचने (ओझं उचलणाऱ्या वाफेच्या यंत्राने) जहाजाच्या पोटात सोडायचे. दर हॅचमागे (जहाजाच्या पोटात माल सोडायच्या तोंडामागे) तासाला 10 टन हे लक्ष्य. कुठल्या तुकडीने किती टन चढवले ते फळ्यावर लिहिलं जाई, आणि अधिकारी आपापसांत त्यावर पैजा लावत. विंच चालवणाऱ्याला रीतसर प्रशिक्षण नाही. गोदी कामगारांच्या संघटनेने शिकवायची तयारी दाखवली होती, नौदलाने ती घेतली नाही.

ई. ए. ब्रायन हे मालवाहू जहाज 13 जुलैला धक्क्याला लागलं तेव्हा त्याच्या एका विंचचा ब्रेक 'सुटा' अवस्थेत अडकलेला आढळला. असा विंच चालतो, पण वाफेचा दाब गेला की ओझं धरून ठेवायला काही उरत नाही. तो ब्रेक दुरुस्त झाला की नाही, याची कुठेही नोंद नाही. त्यात भर म्हणजे टॉर्पेक्स भरलेले बॉम्ब चढत होते. टॉर्पेक्स हे स्फोटक टीएनटी या नेहमीच्या स्फोटकापेक्षा हादऱ्याला जास्त नाजूक.

17 जुलैला रात्री 10:18 ला, काही सेकंदांच्या अंतराने दोन स्फोट. जहाजात सुमारे 4,600 टन दारूगोळा होता. 320 माणसं गेली, त्यातले 202 कृष्णवर्णीय खलाशी. नेमकं कारण कधीच ठरलं नाही, कारण सांगायला धक्क्यावरचं कोणी उरलं नाही. फोर्ट स्टिकिनशी तुलना इथेच थांबते: तिथे आधी कापसाला आग लागली आणि जवळपास दोन तास हातात होते.

प्रतिसाद: कलम व कसूर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. बंड म्हणजे संगनमत करून वरिष्ठांची सत्ता झुगारण्याचा हेतू. हेतू सिद्ध झाला नाही तर उरते ती आज्ञाभंगाची कसूर, आणि तिची शिक्षा फार कमी. 9 ऑगस्टला 258 जणांनी दारूगोळा चढवायला नकार दिला, पण दुसरं कुठलंही काम करायला बरेच जण तयार होते. अॅडमिरल राइट यांनी गोळ्या घालण्याची धमकी दिल्यावर 208 जण परतले, तरी त्यांनाही शिक्षा झाली. उरलेल्या 50 जणांवर बंडाचा खटला. यात एकाचं मनगट आदल्या दिवशी मोडलं होतं, हात झोळीत होता! तो माणूस त्या दिवशी बॉम्ब उचलणार कसा होता?

न्यायालयाने 80 मिनिटांत सर्वांना दोषी ठरवलं. शेवटी 10 जणांना 15 वर्षं, 24 जणांना 12, 11 जणांना 10 आणि पाच जणांना 8. नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल यांनी हाच हेतूचा मुद्दा धरून अपील केलं, ते फेटाळलं गेलं. जानेवारी 1946 मध्ये बहुतेकांची सुटका झाली, शिक्का मात्र तसाच राहिला.

धागाकर्ता: सागरवाट

धन्यवाद. तो शिक्का अजून आहे का?

प्रतिसाद: नांगर

नाही. 17 जुलै 2024 रोजी, स्फोटाला बरोबर 80 वर्षं झाली त्या दिवशी, नौदल सचिवांनी 50 आणि 208 या दोन्ही गटांतल्या उरलेल्या 256 जणांना दोषमुक्त केलं. तोवर त्यातला एकही जण हयात नव्हता.